पूर ओसरल्यानंतरची वर्गणी

पुणेकर माणूस दोन गोष्टींना सहसा नाही म्हणत नाही. एक व्याख्यान आणि दुसरी वर्गणी. कुरकुर मात्र दोन्हींविषयी भरपूर करतो. व्याख्यान लांबले म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढच्या रांगेत जाऊन बसतो. वर्गणीचे पावतीपुस्तक दारात दिसले की "गेल्या वर्षीचा हिशेब कुठे लावलात?" असे विचारतो आणि विचारता विचारताच खुंटीवरच्या कोटाच्या खिशात हात घालतो.

या कुरकुरत्या हातांनी दीडशे वर्षांत बरेच काही उभे केले आहे. महर्षी कर्वे हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी मागत हिंडले. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागण्याची कल्पना काढली तेव्हा पुष्कळांना हसू आले असेल. पण त्या पैसा फंडातूनच १९०८ साली तळेगावला काचकारखाना निघाला. त्याच्याही आधी, १८७६-७७ च्या दुष्काळात, सार्वजनिक सभेने गावोगावची हकीकत गोळा करून ती सरकारच्या कानी घातली होती, आणि १८७७ च्या मे महिन्यात जोतीराव फुल्यांनी धनकवडीच्या बालाश्रमातील उपाशी मुलांसाठी लोकांकडे जाहीर मदत मागितली होती. मागणे आणि देणे ही दोन्ही कामे या शहराच्या अंगवळणी पडलेली आहेत.

परंतु शाळेसाठी किंवा कारखान्यासाठी मागितलेली वर्गणी आणि कोसळलेल्या घरासाठी मागितलेली वर्गणी यांत मोठे अंतर आहे. शाळेला पैसे दिले तर शाळेची मान खाली जात नाही. शाळा तुमच्या समोरून जाताना पदर सावरीत नाही, आणि तुमच्या घरी हळदीकुंकवाला यायचे टाळीत नाही. कुटुंबाचे तसे नसते. काल ज्याच्या पंक्तीला पंक्ती लावून बसलो, त्याच्या हातावर आज नोटा ठेवायच्या, ही गोष्ट देणाऱ्याला वाटते तितकी सोपी नसते. आणि घेणाऱ्याला ती किती अवघड असते याचा देणाऱ्याला अनेकदा पत्ताही नसतो.

हे अंतर पुण्याला नीट कळले ते १९६१ साली. पानशेतच्या पुराची हकीकत पुष्कळांनी सांगितली आहे आणि पुण्यातल्या जुन्या घरांतून ती अजूनही सांगितली जाते. मला सांगायची आहे ती पूर ओसरल्यानंतरची.

*

तरी पुराविषयी चार शब्द सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवर पानशेतला मातीचे धरण बांधले जात होते. काम पुरे व्हायचे होते, पाणी सोडण्याच्या मोरीचे आणि दरवाजांचे काम अपुरे होते, आणि अशा अवस्थेतच त्या वर्षीच्या पावसाने धरण भरू लागले. ११ जुलैच्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून बांध सावरण्याची शिकस्त केली. बुधवार, १२ जुलैला सकाळी सातच्या सुमारास धरण फुटले. ते पाणी खाली खडकवासल्याच्या जलाशयात येऊन आदळले. तिथले इंग्रजी अमदानीतले दगडी धरण दुपारपर्यंत टिकले आणि मग तेही फुटले. म्हणजे पुण्यावर एकापाठोपाठ एक असे दोन पूर आले. लकडी पूल पाण्याखाली गेला. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार या पेठांतून आणि पलीकडे डेक्कन जिमखान्याच्या बाजूला पाणी घुसले. मृतांची संख्या हजाराच्या घरात असावी असे सामान्यतः सांगितले जाते. चूक कोणाची याची चौकशी पुढे न्यायमूर्ती नाईक यांच्या आयोगाने केली. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

पाणी त्याच रात्री उतरू लागले. घरे मात्र त्यानंतरही पडत राहिली. पुण्याचा जुना वाडा म्हणजे खाली दगडी जोते, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, आणि भिंती विटांच्या, पण जोडकाम पुष्कळ ठिकाणी मातीचे. अशी भिंत पाण्यात उभी असते तोवर पाणीच तिला दोन्ही बाजूंनी धरून ठेवते. पाणी ओसरले की आतली भिजलेली माती खचते. त्यामुळे पूर पाहून "वाचलो" म्हणत परत आलेल्या कित्येकांनी आपले घर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोरड्या आकाशाखाली पडताना पाहिले.

आणि हे घर बहुतेकांचे स्वतःचे नव्हते. पेठांतल्या एकेका वाड्यात दहा-पंधरा बिऱ्हाडे. कोणी कारकून, कोणी शिक्षक, कोणी शिंपी, कोणी छापखान्यातला जुळारी. दोन खोल्यांचे भाडे पंधरा-वीस रुपये, आणि भाडेनियंत्रणाच्या कायद्यामुळे ते वर्षानुवर्षे तेवढेच. अशा भाडेकरूचा हक्क खोलीवर असतो. खोली पडली की हक्क कशावर सांगायचा? वाड्याच्या मालकाला निदान पडलेली जागा उरली. भाडेकरूला उरला तो चिखल आणि खिशातली शेवटच्या महिन्याची भाडेपावती.

*

मी त्या वेळी नऊ वर्षांचा होतो. आमचे बिऱ्हाड सदाशिव पेठेच्या वरच्या अंगाला होते. तिथवर पाणी आले नाही. पहिल्या आठवड्यातले पुणे मला आठवते ते वासाने. ओल्या धान्याला मोड येऊन आंबल्याचा तो वास पेठांतून दिवसेंदिवस हलला नव्हता. वीज गेली होती. खडकवासल्याचे पाणी बंद झाले होते, आणि पेशव्यांनी कात्रजहून आणलेल्या नळाचे हौद व वाड्यांतल्या विसरलेल्या विहिरी यांना एकाएकी पूर्वीचे मानाचे दिवस आले होते. आमच्या वाड्यातल्या विहिरीत वर्षानुवर्षे फक्त विसर्जनाचे गणपती जात असत. त्या आठवड्यात तिच्यावर रहाट बसला आणि सकाळपासून रांग लागली.

पहिल्या आठवड्याची मदत कोणाला मागावी लागली नाही. शाळांतून छावण्या झाल्या. ज्यांच्या घरी पाणी आले नव्हते त्यांनी दुप्पट पोळ्या लाटल्या. गावोगावहून धान्य आले, कपडे आले. या कपड्यांच्या ढिगाची मौज सांगण्यासारखी आहे. त्यात नवी नऊवारी लुगडी होती, घोंगड्या होत्या. पण जर काढून घेतलेला शालू होता, एकाच पायाचे बूट होते, आणि आषाढाच्या तोंडावर कोणी तरी मोठ्या मनाने पाठवलेला कॉलेजच्या पदवीदानाचा झगाही होता. आमची आजी तो ढीग निवडायला शाळेत जात असे. ती म्हणायची, "माणसं दोन प्रकारची असतात. एक, दुसऱ्याला काय हवं ते देणारी. आणि दुसरी, आपल्याला काय नको ते देणारी. दोन्ही स्वतःला दानशूरच समजतात." झगा मात्र वाया गेला नाही. एका बाईने त्याची चार झबली शिवली.

त्या पहिल्या आठवड्यात पुणे फार मोठे होते. प्रश्न सुरू झाला तो महिन्याभराने. शाळा भरवायच्या तर छावण्या हलवायला हव्यात. पोळ्या लाटणाऱ्या घरांतही महिनाअखेर येतेच. वर्तमानपत्रांतल्या बातम्या पहिल्या पानावरून आत सरकल्या. आणि घर तर अजून उभे राहायला सुरुवातही झाली नव्हती. भुकेल्या माणसाला जेवायला घालणे हे एका संध्याकाळचे काम आहे. घर उभे करणे हे तीन-चार वर्षांचे. दया ही मात्र बहुधा चाळीस दिवसांच्या पलीकडे टिकत नाही.

*

आमच्या वाड्यात जिन्याखालच्या खोलीत त्या वेळी एक कुटुंब राहायला आले. नवरा, बायको, दोन मुले. नारायण पेठेत नदीच्या बाजूला त्यांच्या दोन खोल्या होत्या. मागच्या खोलीत संसार आणि पुढच्या खोलीत पुस्तकबांधणीचा धंदा. आम्ही मुले त्यांना बाइंडरकाका म्हणत असू. जून-जुलै हा त्यांचा हंगाम. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या, जुनी क्रमिक पुस्तके बांधायला आलेली, शिवाय वाचनालयांची मासिके, कोणाची पोथी, कोणाच्या वकिलीची बुके. ते सगळे पाण्यात गेले. पुठ्ठा, कापड, खळीचे भांडे गेले. लाकडी शिकंजा वाहून गेला.

बाइंडरकाकांनी आमच्याकडे आल्यावर पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर माझ्या वडिलांकडून एक कोरी वही मागून घेतली आणि बुडालेल्या पुस्तकांची आठवणीने यादी केली. कोणाचे, कोणते, किती भाग. मग रोज संध्याकाळी ते यादीतल्या एकेका घरी जात आणि सांगत, "आपलं पुस्तक माझ्याकडं होतं. ते गेलं. मी भरून देईन." पुष्कळांना ते आपले पुस्तक त्यांच्याकडे आहे हेच आठवत नव्हते. काहींची स्वतःचीच घरे गेली होती. एका वकिलांनी त्यांना आत बोलावून चहा दिला आणि पुस्तकाचे नाव काढू दिले नाही. काका घरी आले आणि वहीत त्या नावापुढे "बाकी" असेच लिहून ठेवले.

इकडे वडिलांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून त्यांच्यासाठी वर्गणी काढली. वडील शिक्षक होते. त्या काळच्या शिक्षकाच्या पगारातून किती निघणार! तरी आळीतून दीडशेच्या आसपास रुपये जमले. वडिलांनी ते पाकिटात घालून त्यांच्यापुढे ठेवले. काकांनी पाकिटाला हात लावला नाही. "मास्तर, पाण्यानं नेलं त्याचा राग नाही. पण हे घेतलं तर मला उद्या या जिन्यावरून खाली मान घालून जावं लागेल," असे ते म्हणाले. वडिलांना वाईट वाटले. आळीतल्या एकदोघांना तर रागच आला. मदत नाकारणाऱ्या माणसाचा राग येतो ही मनुष्यस्वभावातली एक चमत्कारिक गोष्ट आहे. "एवढा ताठा बरा नव्हे," असे कोणी तरी बोललेही.

तोड काढली ती आजीने. ती म्हणाली, "त्याला द्यायचंय ना तुम्हाला? मग आधी त्याच्याकडून घ्यायला शिका की!" आणि तिने भिशी काढली. वीस जण, माणशी दहा रुपये, दरमहा दोनशे. बाइंडरकाका हे वीसांतले एक. चिठ्ठ्या टाकून नंबर काढायचे हा भिशीचा नेम. पण पहिला नंबर चिठ्ठी न टाकता त्यांना द्यायचा असे ठरले, आणि "पहिला नंबर घेणाऱ्याने हिशेब लिहायचा" अशी एक अट आजीने तिथल्या तिथे शोधून काढली. आता हे दान राहिले नाही. वीस महिने दहा-दहा रुपये भरून काका ते फेडणार होते, आणि शिवाय सगळ्यांचा हिशेब त्यांच्या हाती होता. त्यांनी पैसे घेतले. आठवड्याभरात जिन्याखाली नवा शिकंजा आला, आणि खळीचा आंबूस वास वाड्यात पसरला. चिखलाचा वास घेऊन कंटाळलेल्या आम्हाला तो फार गोड वाटला.

त्या वर्षी गणपती सप्टेंबरच्या मध्यास आले. मंडळाची पोरे पावतीपुस्तक घेऊन वाड्यात फिरली आणि जिन्याखालच्या दारावरून, भल्या बुद्धीनेच, न थांबता पुढे गेली. पूरग्रस्तांकडे काय मागायचे! काका दारातच बसून पुस्तक शिवीत होते. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असे काकूंनी पुढे आजीला सांगितले. पुराने जे केले नव्हते ते त्या न थांबलेल्या पावतीपुस्तकाने केले. आपण देणाऱ्यांच्या यादीतून गेलो, हे त्यांना तेव्हा खरे कळले.

त्या सालची दिवाळी नोव्हेंबरात आली. उरलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून, त्यांवर रंगीत कागद डकवून काकांनी वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाला एकेक आकाशकंदील करून दिला. पैसे विचारायची कोणाची छाती झाली नाही. आणि पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी पंधरा दिवस त्यांनीच पोरांना हाक मारून सव्वा रुपया दिला आणि पावती मागून घेतली. ती पावती त्यांनी भिशीच्या वहीत जपून ठेवली होती. वाड्यात कोणी ती पाहून हसले नाही.

*

भिशीने शिकंजा दिला. घर देणे मात्र भिशीच्या आवाक्यातले नव्हते, आणि अशी कुटुंबे एकदोन नव्हती, हजारो होती. येथे खाजगी औदार्याची हद्द संपते आणि राज्यकारभाराची सुरू होते. महाराष्ट्र राज्य तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाचे होते. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी पुनर्वसनाची सूत्रे सदाशिव गोविंद बर्वे यांच्या हाती दिली. आय.सी.एस. मधले हे गृहस्थ पुण्याला नवे नव्हते. येथे त्यांनी पूर्वी कारभार केला होता आणि कडक पण कामाचा माणूस असा लौकिक मिळवला होता. पुराच्या कामाने तो लौकिक इतका वाढला की पुढे नोकरी सोडून ते १९६२ च्या निवडणुकीत शिवाजीनगरमधून उभे राहिले, निवडून आले आणि राज्याच्या मंत्रिमंडळात गेले. १९६७ साली ते मुंबईतून लोकसभेवर निवडून आले आणि थोड्याच दिवसांत वारले. पुण्यातला एक चौक आजही त्यांच्या नावाचा आहे.

तात्पुरत्या निवाऱ्यासाठी गोखलेनगरसारख्या ठिकाणी अर्धगोल छपरांची घरे उठली. लोक त्यांना 'निसेन हट' म्हणत. लष्करातून आलेले हे नाव पुणेरी तोंडांत इतके रुळले की पुष्कळांना तो मराठीच शब्द वाटे. आडवे कापलेले पिंप जमिनीवर पालथे घालावे तसे ते घर. वाकडी भिंत असल्यामुळे कपाट लावायची पंचाईत आणि देवाची तसबीर टांगायची त्याहून मोठी. पण डोक्यावर छप्पर होते आणि दाराला आतून कडी होती. जिन्याखाली किंवा शाळेच्या वर्गात राहून आलेल्या बाईला त्या कडीचे मोल काय असते ते पुरुषांनी सांगू नये.

कायमच्या घरासाठी जो मार्ग निवडला गेला तो मला या सगळ्या हकीकतीत फार महत्त्वाचा वाटतो. पूरग्रस्तांच्या सहकारी गृहरचना संस्था करायच्या, त्यांना सरकारने जमीन भाडेपट्ट्याने द्यायची, आणि सभासदांनी भाग विकत घेऊन, कर्ज काढून, हप्ते फेडून घर उभे करायचे. राज्याचा नवा सहकारी संस्थांचा कायदा २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला. सहकाराचे वारे तेव्हा जोरात होते. पर्वतीच्या पायथ्याशी आणि त्यापलीकडे, जिथे पूर्वी संध्याकाळनंतर माणूस एकटा जायला बिचकत असे, तिथे या संस्थांच्या चाळी, बैठी घरे आणि बंगल्या उठल्या. त्यांतल्या एका मोठ्या वस्तीला सहकारनगर हे नाव आहे. रोज बसच्या पाटीवर ते नाव वाचणाऱ्या किती जणांच्या मनात येत असेल की यामागे पुराचे पाणी आहे!

सरकारी योजना आणि आजीची भिशी यांची तुलना करणे धाडसाचे आहे हे मला कळते. तरी दोहोंचा गाभा एकच होता असे मला दिसते. दोन्हीकडे कुटुंबाला दान मिळाले नाही. त्याला सभासद करून घेतले गेले. सभासदाला हप्ता भरावा लागतो, पण त्याला सभेत उठून प्रश्नही विचारता येतो. आश्रिताला तेवढे एक करता येत नाही. अर्थात योजना म्हटली की तिच्यात अडचणी आल्याच. कागद अपुरे पडले, हप्ते थकले, ज्याच्याकडे भाडेपावती उरली नव्हती त्याला आपण पूरग्रस्त आहोत हे सिद्ध करता करता नाकीनऊ आले. भाडेपट्ट्याच्या त्या जमिनींच्या मालकीचा प्रश्न तर एकविसाव्या शतकापर्यंत चालत आला. ज्यांनी भाग घेतले त्यांच्या नातवंडांनी त्यासाठी अर्जविनंत्या केल्या. बाइंडरकाकांनीही पुढे पर्वतीच्या बाजूला अशाच एका संस्थेत भाग घेतला. भागाच्या रकमेसाठी दुसरी भिशी निघाली आणि हिशेब लिहायला पुन्हा तेच बसले.

*

मोठी विलक्षण गोष्ट अशी की त्याच १९६१ साली, पुराला चार महिने व्हायच्या आत, पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला हाच खेळ पुन्हा झाला. ३१ ऑक्टोबरला हॅटी नावाचे चक्रीवादळ मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर, तेव्हाच्या ब्रिटिश होंडुरासमध्ये, आज ज्याला बेलिझ म्हणतात त्या देशात, येऊन धडकले. समुद्र राजधानीत शिरला, शेकडो माणसे गेली, लाकडी घरे होती तिथे ढीग उरले. बेघर झालेल्यांसाठी शहरापासून दूर रस्त्याकाठी तात्पुरती छावणी उभारली. छावणीला लोक वादळाच्याच नावावरून हॅटीव्हिल म्हणू लागले. आणि ती तात्पुरती छावणी आजही आहे. तिचे गाव झाले. सरकारने मात्र धडा घेतला आणि किनारा सोडून आत बेल्मोपान येथे नवी राजधानी बांधली. १९७० साली कारभार तिकडे हलला.

हॅटीव्हिल आणि गोखलेनगरच्या अर्धगोल घरांचे नाते मला फार जवळचे वाटते. जगात सर्वांत टिकाऊ बांधकाम कोणते असे कोणी विचारले तर 'तात्पुरते' असे उत्तर द्यावे. त्यामागचे कारण उघड आहे. तात्पुरत्यासाठी पैसा पहिल्या महिन्यात येतो, तेव्हा सगळ्यांचे डोळे ओले असतात. कायमच्यासाठी पैसा लागतो तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, तेव्हा सगळ्यांचे डोळे दुसरीकडे लागलेले असतात.

*

हे सगळे जुने झाले असे वाटू लागले होते, तोच ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला, येऊन आदळले. पुण्यातही त्या दिवशी झाडे पडली. पण पुणेकराचे लक्ष कोकणाकडे होते. श्रीवर्धनशी पुण्याचे नाते तीनशे वर्षांचे. बाळाजी विश्वनाथ भट तिथलेच. ते घाट चढून वर आले आणि त्यांच्या वंशजांनी पुण्याचे पुणे केले. आजही पेठांतल्या आणि कोथरुडच्या कितीतरी घरांचे एक मूळ तिकडच्या नारळी-पोफळीच्या वाडीत आहे.

त्या वादळात घरांची कौले उडाली, पत्रे पतंगासारखे गेले, विजेचे खांब आडवे झाले, आणि पाऊस तोंडावर आलेला. त्यात महासाथीची टाळेबंदी. माणसाला माणसाकडे जाता येईना. तरी पुण्यातून पत्रे गेले, ताडपत्र्या गेल्या, कौले गेली, धान्य गेले. कपड्यांचा ढीगही गेलाच असणार, आणि त्यात एखादा झगाही असेल. महिन्या-दोन महिन्यांत पुष्कळ छपरे झाकली गेली, आणि वर्गणीची यादी बंद झाली.

परंतु वाडीचे काय? श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. पोफळीचे रोप लावले की पहिले पीक हाती यायला सहा-आठ वर्षे लागतात. आणि पोफळ एकटी वाढत नाही, तिला नारळाची, केळीची सावली लागते. त्या एका दुपारी जी वाडी आडवी झाली ती कोणाच्या आजोबांनी लावलेली होती. छपराला पत्रे मिळाले म्हणजे घर उभे राहिले असे आपण समजलो. पण त्या घराचे पोट वाडीवर होते, आणि वाडी उभी राहायला अजून वेळ होता. मधल्या सहा-सात वर्षांची वर्गणी कोणाच्या यादीत नव्हती. ज्यांनी तिकडे रोपे दिली, पडलेली झाडे हटवायला मजुरी दिली, होतकरू मुलांच्या फीचे वर्षानुवर्षे पाहिले, अशी माणसे होती. पण ती पहिल्या आठवड्याच्या मानाने थोडी होती. पहिल्या आठवड्याच्या मानाने ती नेहमीच थोडी असतात.

पानशेतच्या पुरातून मला जे उमगले ते एवढेच. घर पाण्याने पडो की वाऱ्याने, त्याला दोन वर्गण्या लागतात. पहिली धाव घेऊन जाते. ती आपल्याला देता येते आणि आपण देतो. दुसरी दबकत, हप्त्याहप्त्याने जायला हवी, आणि जाताना घेणाऱ्याकडूनही काही घेऊन यायला हवी. हिशेब लिहून घ्या, कंदील करून घ्या, त्याच्या वाडीतले पहिले शहाळे मागून घ्या, पण घ्या. ज्या दिवशी त्या कुटुंबाचे नाव घेणाऱ्यांच्या यादीतून देणाऱ्यांच्या यादीत जाते, तो त्या घराच्या वास्तुशांतीचा दिवस. त्याआधी ते घर केवळ बांधून झालेले असते.

दिवाळीच्या दिवसांत पुण्यातली पावतीपुस्तके पुन्हा बाहेर निघतील. आपण नेहमीप्रमाणे कुरकुर करू आणि खिशात हात घालू. त्यात कोठे पूरग्रस्तांची किंवा वादळग्रस्तांची यादी समोर आली, तर माझी एक सूचना आहे. जे द्यायचे ठरवले असेल त्यातले अर्धे आज द्यावे. उरलेले अर्धे पाकिटात घालून, त्यावर पुढच्या वर्षीच्या दिवाळीची तारीख लिहून, देवघरात ठेवावे. त्या तारखेला ते कुटुंब कोठे आहे याची चौकशी करीत जावे लागेल. पैशांइतकीच ती चौकशीही त्यांच्या कामी येईल.